चौथ्या दिवसाचं न्हाणं

"डोळे मिट, शिकेकाई जाईल," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या डोक्यावर ऊन पाण्याचा तांब्या ओतला.

मी पाटावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. अंगाला जुनं पातळ गुंडाळलेलं. बंबाच्या धुरानं न्हाणी भरून गेली होती. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या मागं स्टुलावर बसून माझे केस चोळत होत्या. बागेतल्या कामानं त्यांची बोटं जाड आणि चरबरीत झालेली, पण डोक्यावरून फिरताना फार हलकी असायची. कानामागं, मानेवर, टाळूवर. माझ्या आईनंही माझे केस इतक्या मायेनं कधी धुतले नव्हते.

"केस लई गळायलेत गं तुझे, रत्ना."

"थंडीनं असेल."

"थंडीनं न्हाई. मनाला लावून घेतीस तू. सोड आता. पुढच्या येळंला देव देईल."

मी नुसती हुंकारले. डोळे मिटलेले होते ते बरं झालं. कारण त्या दिवशी मला न्हायची काहीच गरज नव्हती. माझी पाळी आलीच नव्हती.

आमचं घर खराड्यांचं. तासगावच्या पलीकडं द्राक्षबागा आहेत, तिकडं. घरात आत्याबाई, माझे मिस्टर जयसिंग, धाकटे दीर उत्तम, त्यांची बायको मालन आणि आमची पोरं. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. बाहेर बसण्याची पद्धत आत्याबाईंनीच मोडली होती. छाटणीच्या आणि तोडणीच्या दिवसांत बाई चार दिवस कोपऱ्यात बसली तर मजुरांच्या भाकरी कोण थापणार? फक्त देवघरात पाऊल टाकायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, आणि चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, एवढं उरलं होतं. मधे कधी डोकं धुवायची रीत नव्हती. कमरेपर्यंतचे केस. पाणी तापवायचं, शिकेकाई उकळायची, मग सगळी दुपार उन्हात वाळवत बसायचं. त्यामुळं घरातली सून ओले केस सोडून ओट्यावर बसली, की न सांगता सगळ्यांना कळायचं, या महिन्यात काही नाही. आणि महिना उलटून गेला तरी सून न्हायली नाही, की आत्याबाई माझ्या नवऱ्याला म्हणायच्या, "जयसिंग, गाडी काढ."

माझ्यासाठी गाडी दोनदा निघाली होती.

आमची पहिली मुलगी सोनल. तिच्यानंतर हे दोनदा झालं. शहरातल्या एका दवाखान्यात. बाहेर पाटी होती, की इथं मुलगा-मुलगी सांगितलं जात नाही. आणि खरंच, डॉक्टर सांगत नसत. पोटावर यंत्र फिरवून झालं, की ते बाहेर येऊन आत्याबाईंकडं बघत आणि मान किंचित हलवत. मग जयसिंग सही करत. दुसऱ्या खेपेला शुद्धीवर येता येता मी नर्सला विचारलं, "हातपाय होते का?" ती माझ्या अंगावरची चादर सारखी करत म्हणाली, "असलं विचारू नका, ताई."

घरी आल्यावर आत्याबाईंनी मला डिंकाचे लाडू करून घातले. दूध हळद दिलं. त्या मला कधी टाकून बोलल्या नाहीत. लोकांना वाटतं अशा सासवा रोज छळत असतील. तसं नव्हतं. दोन्ही वेळेला त्या मला म्हणाल्या, "झालं गेलं." आणि पुढच्या महिन्यात चौथ्या दिवशी माझं डोकं चोळायला बसल्या.

म्हणून तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं लक्षात आलं, तेव्हा मी ठरवलं, की आपण न्हायचं. दर महिन्याला, वेळेवर, काही झालं नसल्यासारखं.

पहिले दोन महिने सोपे गेले. मी देवघर टाळायची, लोणचं मालनला काढायला सांगायची, आणि चौथ्या दिवशी सकाळी म्हणायची, "आत्याबाई, मी डोक्यावरून घेते आज." त्या शिकेकाई उकळायला ठेवायच्या. ओट्यावर केस वाळवत बसले की शेजारची रखमाकाकू जाता जाता बघायची आणि चुकचुकायची. त्या चुकचुकण्याचा मला आधार वाटायचा.

मालनला मात्र कळलं. ती माझ्याहून बरीच लहान, हडकुळी, दिवसभर काहीतरी गुणगुणत काम करणारी. तिला पहिलाच मुलगा झाला होता, विराज, त्यामुळं घरात तिला कुणी काही विचारत नसे. एका सकाळी मी गोठ्यामागं ओकत होते. तोंड पुसून वळले तर मालन शेणाची पाटी घेऊन उभी.

"अक्का," ती हळूच म्हणाली, "परवा तुम्ही न्हायला होता की."

मी पदर पोटावर ओढून घेतला.

तिनं पाटी खाली ठेवली. इकडं तिकडं पाहिलं. "मी काय बघितलं न्हाई," ती म्हणाली. "पण तुम्ही पडवीतल्या दोरीवर पाळीचे कपडे वाळत घालत न्हाई म्हणून माझ्या ध्यानात आलं. आत्याबाईंच्या बी येईल. ह्या महिन्यापासून मी माझ्यासंगं तुमचे बी घालीन."

तोवर मी एकटीच होते. तिच्या खांद्यावर डोकं टेकून मी रडले. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मग म्हणाली, "चला, दूध उतू जाईल."

चौथा महिना लागला तशी भीती वाढली. बागेत काम करताना आम्ही बायका साडीवर गड्यांचा फुल शर्ट घालतो, ऊन आणि औषधाची फवारणी अंगाला लागू नये म्हणून. त्या शर्टात पोट झाकून जायचं. पण न्हाणीत शर्ट नसतो. ओलं पातळ अंगाला चिकटतं, आणि आत्याबाई मागं बसलेल्या.

युक्ती मालननंच काढली.

"अक्का, तुम्ही आता आठवड्याला न्हात जा."

"आठवड्याला? का म्हणून सांगू?"

"सोनलच्या डोक्यात बालवाडीतनं उवा आल्यात, तुमच्या बी झाल्या म्हणा. सारखेच केस ओले दिसले की कोण ध्यानात ठेवतंय कधी पाळी आली नि कधी न्हाई? आणि उवा म्हटल्यावर आत्याबाई हात बी लावायच्या न्हाईत. मी चोळीन."

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तसं बोलले. आत्याबाई लसूण सोलत होत्या.

"आठवड्याला डोकं धुतल्यावर केस कुजतील की."

"उवा आहेत, आत्याबाई. फणीनं निघत नाहीत."

"सीताफळाच्या बिया वाटून लाव."

"लावल्या. डोळे चुरचुरतात."

"महिन्याला एकदा न्हाणारी बाई मी. म्हातारी झाले, एक ऊ झाली न्हाई." त्यांनी लसणाची पाकळी नखानं सोलली आणि माझ्याकडं पाहिलं. "धू बाई. तुझं डोकं. पर शिकेकाई किती लागंल?"

"शाम्पूच्या पुड्या आणते," मालन म्हणाली. "मी चोळीन अक्कांचं. तुमचे गुडघे दुखत्यात, कशाला वाकता?"

असे काही आठवडे गेले. मालन न्हाणीचं पत्र्याचं दार ओढून घ्यायची, माझ्या पोटाकडं बघायची आणि म्हणायची, "वाढतंय." मग शाम्पूचा भरमसाट फेस काढायची. एकदा पोटात हालचाल झाली तेव्हा मी तिचा ओला हात तिथं ठेवला. ती हात काढायलाच तयार नव्हती.

मुलगा की मुलगी, ते आम्हा दोघींपैकी कुणालाच माहीत नव्हतं. मला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं. तपासणीची वेळ टळली, की पुढचं पुढं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तोडणी सुरू झाली आणि मालनच्या भावाचा साखरपुडा ठरला. ती विराजला घेऊन चार दिवस माहेरी गेली. जाताना मला बजावून गेली, "मी येईपर्यंत न्हाऊ नका." पण त्याच दिवसांत चौथ्या दिवसाचा हिशेब येत होता आणि मागच्या आठवड्यात मी न्हायले नव्हते. आत्याबाई सकाळी चुलीपाशी म्हणाल्या, "आज न्हाणार न्हाईस व्हय?" त्यांच्या विचारण्यात काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित काहीच नसेल. पण मी घाबरले आणि म्हणाले, "न्हाणार की."

मी घाईनं पाणी घेतलं. एकटीनं डोक्यावर तांब्या ओतला. तेवढ्यात पत्र्याचं दार सरकलं.

"मालन न्हाई तर सांगायचं न्हाईस व्हय? एकटीनं धुतलं की मागचं तसंच ऱ्हातंय."

"नको आत्याबाई, उवा आहेत…"

"असू देत." त्यांनी स्टूल ओढलं आणि त्या बसल्या.

त्यांची बोटं केसांत शिरली. मी पुढं वाकले, गुडघे जवळ घेतले, पण पाचव्या महिन्यात गुडघे जवळ येत नाहीत. त्यांनी मानेवरचे केस वर घेण्यासाठी मला खांद्याला धरून सरळ केलं. पातळ पोटाला चिकटलेलं होतं.

त्यांची बोटं थांबली.

मी वाट पाहत राहिले. त्या ओरडतील, मारतील, जयसिंगला हाक मारतील असं वाटलं. त्यांनी तसं काही केलं नाही. बोटं पुन्हा फिरायला लागली. कानामागं, मानेवर, टाळूवर. नेहमीसारखी, हलकी. त्यांनी माझं डोकं शेवटपर्यंत धुतलं. तीन-चार तांबे ओतून फेस काढला. केस पिळले, पंचा गुंडाळला.

मग विचारलं, "कितवा?"

"पाचवा."

"कापडं घाल. ओल्या डोक्यानं गाडीत वारं लागंल, टॉवेल बांधून घे."

जयसिंगना बागेतून बोलावलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते गाडी चालवताना नेहमी रस्त्याकडं बघत, आणि आम्ही दवाखान्यात जाताना जरा जास्तच बघत. सोनल ओट्यावर खेळत होती. तिला मी म्हणाले, "जाऊन येते." रखमाकाकू तिच्यापाशी बसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी यंत्र फिरवलं. बाहेर येऊन त्यांनी आत्याबाईंकडं पाहिलं आणि मान हलवली. मला ती हालचाल एव्हाना पाठ झाली होती. मुलगी.

"दिवस फार गेलेत," डॉक्टर जयसिंगना म्हणाले. "पहिल्या दोन वेळेसारखं नाही हे. रक्तस्राव जास्त होऊ शकतो. पण करू. सही लागेल."

जयसिंगनी खिशातून पेन काढलं.

"अहो," मी म्हणाले, "सही करू नका."

"आईनं ठरवलंय, रत्ना."

"मला ही हवी आहे."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. "आईनं ठरवलंय," ते पुन्हा म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज अगदी लहान मुलासारखा आला.

आतल्या खोलीत माझं कुणी ऐकणार नाही हे मला कळलं. मी दार उघडून बाहेर व्हरांड्यात आले. बाकांवर बायका बसल्या होत्या. काही पोटुशा, काही माझ्यासारख्या, शेजारी सासू किंवा आई. सगळ्या खाली बघत होत्या. माझ्या डोक्यावरचा टॉवेल सुटला आणि ओले केस पाठीवर पडले. मी आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवून बोलले नव्हते.

"मी खराड्यांची थोरली सून," मी म्हणाले. "माझ्या पोटात मुलगी आहे. ह्या भिंतीवर पाटी लावलीय की इथं सांगत नाहीत. ह्या डॉक्टरांनी आत्ता सांगितलं. मला माझी मुलगी हवी आहे. मी टेबलावर चढणार नाही. मला उचलून नेलं तर तुम्ही सगळ्यांनी बघितलंय."

एक म्हातारा माणूस, सुनेला घेऊन आलेला असावा, उठून उभा राहिला आणि पाटीकडं बघायला लागला. कंपाउंडरनं घाईनं औषधाची खिडकी लावून घेतली. डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"यांना आत्ताच्या आत्ता घेऊन जा," ते जयसिंगना म्हणाले. "मी ह्यांना तपासलेलं नाही. तुम्ही माझ्याकडं आलेला नाहीत."

परत येताना निम्मा रस्ता सरला. मग आत्याबाई बोलायला लागल्या. रागानं नाही.

"माझा मालक गेला तवा जयसिंग पाळण्यात होता आणि उत्तम पोटात. दीर म्हणाले, एका पोरावर काय भरवसा, आता पोरगी झाली तर तुझा हिस्सा न्हाई, माहेरी जायाचं. पुढचे सगळे महिने मी झोपले न्हाई. उत्तम झाला, तवा मला त्या घरात बसून भाकरी खायला मिळाली. तुला काय वाटतं, मला पोरी आवडत न्हाईत? सोनलला मीच न्हाऊ घालते."

"मग ही पण…"

"तू मला फसवलंस, रत्ना," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात डोकं देऊन फसवलंस." आणि त्यांनी जयसिंगना सांगितलं, "हिच्या माहेरच्या फाट्यावर थांबव."

"सोनल?" मी विचारलं.

"ती खराड्यांची हाय."

मी फाट्यावर उतरले. गाडी निघून गेली. केस अजून पुरते वाळले नव्हते.

माहेरी आई होती, भाऊ आणि वहिनी. भावानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "खोली मोकळी करू." वहिनीनं ताट वाढलं. पण मला घास गिळवेना. सोनल तिकडं होती. रात्री कुणाच्या कुशीत झोपत असेल, काय विचारत असेल.

आठवडाभरानं दुपारच्या एसटीनं मालन आली. तिच्या हाताला धरून सोनल, पाठीवर सोनलच्या कपड्यांचं गाठोडं. मालन उंबऱ्यातच बसली. तिचा एक गाल सुजलेला होता.

"कुणी मारलं?"

"आज न्हाई, परवा. मला सगळं ठाऊक होतं म्हणून." ती हसली. "आज अजून कुणाला कळलं न्हाई. सोनलला रखमाकाकूकडं नेते म्हणाले आणि गाडीत बसले."

"मालन, आता घरी गेल्यावर तुझं काय होईल?"

"मला मुलगा हाय, अक्का. मला घराबाहेर कोण काढतंय?" तिनं सोनलला जवळ ओढून तिच्या विस्कटलेल्या वेण्या सोडल्या आणि नव्यानं घातल्या. चहा घेतला आणि परतीच्या गाडीनं गेली. सोनलला न्यायला खराड्यांकडून कुणी आलं नाही. मला वाटतं, त्यांना एक मुलगी गेल्याचं फारसं काही वाटलं नसावं.

माझी धाकटी पावसाळ्यात झाली. ऋतुजा. अडीच किलोची, डोक्यावर दाट जावळ. जयसिंग बघायला आले नाहीत. मी गावातल्या बालवाडीत मदतनीस म्हणून लागले.

पुढच्या वर्षी नागपंचमीला मालन माहेरी जाताना वाट वाकडी करून माझ्याकडं उतरली. तिनं ऋतुजाला मांडीवर घेतलं ते खाली ठेवलंच नाही. वहिनी आत गेल्यावर ती माझ्याकडं वाकली.

"अक्का, मी बी तसंच न्हातेय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तसा मी तिचा हात धरला.

"कितवा?"

"तिसरा सरलाय."

"मालन, आत्याबाईंना आता ही युक्ती माहीत आहे."

"म्हणून तर आठवड्याला न्हात न्हाई. चौथ्या दिवशीच, पहिल्यासारखं. तीच युक्ती घरात परत कोण करंल, असं वाटतंय त्यांना. आणि मी एकटी न्हाते, माझं डोकं कुणी चोळत न्हाई."

"तुला विराज आहे. तुला कशाला…"

"एकावर काय भरवसा, म्हणतात. दुसरा बी मुलगाच पाहिजे. न्हाईतर गाडी." ती ऋतुजाच्या जावळातून बोटं फिरवत होती. "मला पोरगी पाहिजे, अक्का. सोनल गेल्यापासनं केस विंचरून घ्यायला माझ्यापुढं कुणी बसत न्हाई."

"इथं ये. आत्ताच राहा. मी भावाला सांगते."

"आणि विराज? त्याला सोडतील व्हय माझ्यासंगं?" ती उठली. "दोन महिने फक्त. मग पोट कितीबी दिसू दे. तुमच्यावेळी डॉक्टर घाबरला की. मी बी तसंच ओरडीन."

मी तिला फाट्यापर्यंत सोडायला गेले. एसटीच्या खिडकीतून तिनं ऋतुजाला टाटा केला.

दसरा झाल्यावर आमच्या शेजाऱ्यांकडं फोन आला. मालन गेली.

मी दोन्ही मुलींना घेऊन गेले. अंगणात माणसं जमली होती. मालनला हिरवी साडी नेसवली होती, मळवट भरला होता. तिचं तोंड मेणासारखं पांढरं होतं. अंगात रक्ताचा थेंब नसल्यावर दिसतं तसं. मी पाया पडायला वाकले तेव्हा तिच्या साडीखाली कमरेभोवती गुंडाळलेल्या चादरींचा फुगवटा दिसला. रखमाकाकू माझ्या कानाशी लागली. "अपेंडिक्स फुटलं म्हणं. दवाखान्यात न्यायला उशीर झाला." तिच्या डोळ्यांत बघितलं तेव्हा कळलं, की तिला सगळं माहीत होतं. अंगणातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

आत्याबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या. दीड वर्षात फार म्हाताऱ्या झाल्या होत्या. त्यांनी माझ्या कडेवरच्या ऋतुजाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तिनं ओरडू नये म्हणून ह्या वेळी आधी गुंगीची सुई दिली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पोरगी होती. पाचवा सरला होता. तू शिकवलंस तिला हे न्हाणं. लवकर कळलं असतं तर दुसऱ्या महिन्यात मोकळी झाली असती, आज चुलीपाशी असती. तुझी पोरगी जगली, रत्ना. माझी सून गेली."

त्या रडत होत्या. खरंच रडत होत्या. ते वाक्य पुढं कितीतरी वर्षं माझ्या डोक्यात फिरत राहिलं. लवकर कळलं असतं तर मालन जगली असती, हे खोटं नाही. फक्त, तिला जगण्यासाठी काय द्यावं लागलं असतं आणि ते मागणारं कोण होतं, हे आत्याबाई त्यात धरत नव्हत्या. आणि तो हिशेब त्यांनी एकदाही धरला नाही.

मी मालनच्या भावाकडं गेले. विलास. त्याच्याच साखरपुड्याला ती गेली होती.

"विलासदादा, अपेंडिक्स नव्हतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. तो जमिनीकडं बघत होता. "ती आईला बोलली होती."

"मग पोलिसांत चला. मी येते तुमच्याबरोबर. मी सगळं सांगते."

"आणि विराज? त्याला ह्याच घरात वाढायचंय. त्याच्या बापाला आत घालू?" त्यानं नाक पुसलं. "आता बोलून ती परत येते का, अक्का? जाऊ दे."

जयसिंग जवळ आले. दीड वर्षात पहिल्यांदाच ते माझ्याशी बोलले. "रत्ना, इथं तमाशा करू नको. तू म्हणशील तर आज तुला घरी ठेवून घेतो. दोघींना पण."

माझ्या कमरेएवढी सोनल त्यांच्याकडं बघत होती. ते तिच्याकडं बघत नव्हते.

मालनला नेलं. बायका घरात शिरल्या. मी मुलींना घेऊन रस्त्यावर आले आणि माहेरच्या गाडीत न बसता तालुक्याच्या गाडीत बसले.

पुढं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, नाहीतर उगीच काही आशा वाटेल. मी केलेल्या पोलीस केसमधून काही निघालं नाही. विलासनं अपेंडिक्स सांगितलं, उत्तमनं अपेंडिक्स सांगितलं, कागदावर अपेंडिक्स होतं. प्रेत जळून गेलेलं. दवाखाना काही महिने बंद राहिला आणि पुन्हा उघडला. जयसिंगनी दुसरं लग्न केलं. या सगळ्याला आता वीस वर्षं झाली.

पण त्या दुपारी मला हे काही माहीत नव्हतं. पोलीस ठाण्यात एक वयस्कर हवालदार बसले होते.

"तुम्ही मयताच्या कोण?"

"जाऊ."

"नांदता का तिथं?"

"नाही. माहेरी असते."

"मग राग असणारच." त्यांनी पंख्याकडं पाहिलं. "बाई, घरातलं भांडण घरात मिटवावं. दिवसकार्य तर होऊ द्या. मग या."

मी बाकावर बसले. माणसं आली, गेली. सोनल माझ्या खांद्यावर डोकं टाकून पेंगायला लागली. ऋतुजा भुकेनं रडायला लागली, तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून तिला पाजलं आणि पुन्हा वळून बसले. हवालदार मधून मधून बघत होते. शेवटी त्यांनी कंटाळून कागद पुढं ओढला.

"सांगा. काय लिहू?"

"तिला अपेंडिक्स नव्हतं. ती पाच महिन्यांची गरोदर होती. आणि तिला मूल हवं होतं."

"हवं होतं, ते कशाला? तो काय पुरावा नव्हे."

"तरी लिहा."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मांडीवर झोपलेल्या पोरीकडं. आणि लिहिलं. मी ते वाक्य त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. मग पुढचं सांगायला लागले.